डाव्या विंगेतला धूर

मित्रांनो, हात पुढे करू नका, मी पेटणार नाही. मी एक जुना, रिकामा लायटर आहे. पितळेचा. पोटात पेट्रोलचा थेंब नाही, वात सुकून काडी झालीय, आणि कडेला हा पोचा दिसतोय ना, तो कसा आला ते पुढे येईलच. पण झाकण अजून शाबूत आहे. ऐका. खटक! ऐकलंत? हा आवाज नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतसुद्धा असाच पोचायचा. या एवढ्याशा आवाजावर मी आयुष्यभर टाळ्या खाल्ल्या, आणि आज तोच आवाज झाला की मान खाली घालावीशी वाटते. मान नाही मला, पण झाकण आहे, तेच ओढून घ्यावंसं वाटतं. का, तेच सांगायला बसलोय. फक्त मध्ये थांबवू नका हं. मी एकदा सुरू झालो की मला धीर धरवत नाही.

जन्म माझा कारखान्यातला. पत्रा कापला, वाकवला, डाग दिला, घासून घासून चकाचक केला, पोटात कापूस कोंबला, वर चाक आणि चकमकीचा दगड बसवला आणि डबीत घातलं. इतकं भराभर झालं की आई कोण, बाप कोण, विचारायलाही सवड मिळाली नाही. मग एका दुकानाच्या काचेत, घड्याळांच्या आणि पेनांच्या शेजारी, मी किती दिवस नुसता बसून होतो. लोक यायचे, मला उचलायचे, एकदा पेटवून बघायचे, "वा, छान आहे" म्हणायचे आणि शेजारचा स्वस्तातला प्लास्टिकचा घेऊन जायचे. असा राग यायचा मला!

आणि मग एके दिवशी ताई आल्या.

खांद्याला पिशवी, गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काउंटरपाशी उभ्या राहिल्या, डोळे मिटून घेतले आणि दुकानदाराला म्हणाल्या, "सगळे एकेक करून वाजवून दाखवा."

"वाजवून?" दुकानदार म्हणाला. "बाई, लायटर आहेत हे. घंटा नाहीत."

"माहितेय हो. मला आवाजच हवाय. पेटला नाही तरी चालेल."

दुकानदाराने कपाळाला हात लावला आणि वाजवायला सुरुवात केली. क्लिक. टिक. चिक. ताई नुसत्या मान हलवत होत्या, नाही, नाही, हा तर अगदीच मरतुकडा. मग माझी पाळी आली. खटक! ताईंनी डोळे उघडले, तडक दुकानाबाहेर गेल्या, रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर उभ्या राहिल्या आणि तिथून ओरडल्या, "हं, आता वाजवा!" मधून गाड्या चाललेल्या, हॉर्न वाजतायत, आणि मी जिवाच्या आकांताने वाजलो. खटक! ताई हसत परत आल्या. "हाच. हा शेवटच्या रांगेत जाईल."

मित्रांनो, हे लक्षात ठेवा. मला ताईंनी निवडलं. स्वतःच्या कानांनी, स्वतःच्या पैशांनी. हे आठवलं की मला पुढचं सांगवत नाही. पण सांगतो.

ताई मला घेऊन गेल्या त्या एका नाटकाच्या तालमीला. तिथे राजे होते. राजे म्हणजे नाटकाचे हिरो, आणि ताईंचे सख्खे धाकटे भाऊ. लहानपणी त्यांनी एका नाटुकल्यात राजाचं काम केलं होतं, मुकुट इतका मोठा की घसरून नाकावर यायचा, तेव्हापासून सगळं जग त्यांना राजे म्हणतं. ताई मात्र अजून छोटूच म्हणतात. सहा फुटी माणूस, भारदस्त आवाज, आणि छोटू! नाटकात ते एका हट्टी, एकट्या राहणाऱ्या कारखानदाराचं काम करायचे, ज्याची मुलगी भांडून घर सोडून गेलीय. हा कारखानदार दिवसभर सिगारेटी ओढतो. आणि गंमत ऐका, राजे खऱ्या आयुष्यात कधीच ओढायचे नाहीत! वाससुद्धा सोसायचा नाही. तालमीत पहिले काही दिवस ते खडूचा तुकडा बोटात धरून सराव करत होते, तर ताई म्हणाल्या, "अरे, फळ्यावर लिहितोयस का? बोटांच्या फटीत धर. हां. आता तो खडू पोरीच्या आठवणीत विसरून जा." प्रयोग संपला की राजे धावत जाऊन गुळण्या करायचे, तोंड खसाखसा धुवायचे, मगच घरी जायचे.

आमच्या नाटकाची सुरुवात माझ्यापासून व्हायची, खोटं नाही सांगत. तिसरी घंटा, मग सगळीकडे गच्च अंधार. कोणी खोकतंय, कोणी खुर्ची सरकवतंय. आणि त्या अंधारात, खटक! माझी ज्योत उभी राहायची आणि तिच्या उजेडात, हनुवटीखालून, राजेंचा चेहरा दिसायचा. बाकी काही नाही. नुसता चेहरा आणि मी. की टाळ्या! अहो, नाटक अजून सुरू व्हायचंय, एक शब्द बोललेला नाही कोणी, आणि टाळ्या! मग राजे सिगारेट पेटवायचे, धूर हळूहळू उजेडात चढायचा, निळा, वळणावळणाचा. दिग्दर्शकांना आम्ही सगळे मास्तर म्हणायचो, ते म्हणायचे, "या धुरात त्या माणसाचा सगळा एकटेपणा दिसतो." मला वाटायचं, हा एकटेपणा मी तयार केला. मी! एवढासा लायटर!

आता ताईंचं काम सांगतो. ताई प्रॉम्प्टर. स्टेजच्या दोन्ही बाजूंना काळ्या पडद्याआड जी अरुंद जागा असते, तिला विंग म्हणतात. डाव्या विंगेत एका स्टुलावर, छोट्याशा बॅटरीच्या उजेडात संहिता धरून ताई बसायच्या आणि कोणी वाक्य विसरलं की कुजबुजत पुरवायच्या. कायम डाव्याच विंगेत, कारण राजेंचा उजवा कान लहानपणीच्या तापापासून अधू आहे. शाळेच्या कार्यक्रमात राजे कविता विसरले, तेव्हा ताईंनीच दाराआडून ओळ सांगितली होती. तेव्हापासून ताई दाराआडच आहेत, फक्त दाराला आता विंग म्हणतात.

आणि राजेंचं एक वाक्य होतं, शेवटच्या प्रवेशातलं. मुलगी इतक्या वर्षांनी परत येऊन उजवीकडच्या दारात उभी राहते, कारखानदार सिगारेटचा लांब झुरका घेतो, आणि म्हणतो, "बाहेर का उभी? आत ये." बस, एवढंच. राजेंना आख्खं नाटक पाठ, लांबलचक स्वगत पाठ, दुसऱ्यांची वाक्यं पाठ, आणि हे एवढंसं वाक्य तोंडाशी येऊन पळायचं. दर प्रयोगाला! मास्तर चिडायचे. "राजे, अहो पाहुण्याला आपण रोज म्हणतो हे!" राजे म्हणायचे, "तेच ना मास्तर. पाहुण्याला येतं. पोरीला म्हणायचं म्हटलं की जीभच उचलत नाही." मग ताई ते वाक्य पुरवायच्या, आणि सगळं सुरळीत पार पडायचं.

असं आमचं छान चाललं होतं. मग एकदा मध्यंतरात एक बाई थेट आत आल्या. हाताला धरून छोटी मुलगी. मी टेबलावर होतो, सगळं बघत होतो. बाई मास्तरांना म्हणाल्या, "पहिल्या रांगेत बसलोय आम्ही. माझ्या मुलीला दमा आहे. मी तिकीट नाटकाचं काढलंय, धुराचं नाही."

मास्तर गडबडले. "अहो, तंबाखूची नाहीये ती. झाडपाल्याची असते नाटकातली सिगारेट. निरुपद्रवी."

"पाला जाळला तरी धूरच होतो ना? तिच्या छातीला काय कळतंय तंबाखू का पाला?"

बाई मुलीला घेऊन निघून गेल्या, अर्धं नाटक सोडून. आणि मास्तर वाईट माणूस नाहीत हो. त्यांना खरंच लागलं ते. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि विचार सुरू झाला, की धूर सोडायचा कुठे? धूर बंद करावा असं कोणाच्या मनातही आलं नाही, कारण त्या खटक्यावर टाळी होती. समोर सोडायचा नाही, प्रेक्षक आहेत. मग मागे? नाट्यगृहाचे व्यवस्थापक म्हणाले, "मागचा पडदा नवा आहे, त्याला वास लागला तर मी तुम्हाला तारीखच देणार नाही." मग उजवीकडे? तिकडून मुलीचं काम करणारी नटी म्हणाली, "दारात मी उभी असते. माझा गळा बसला तर शेवटचं रडणं तुम्ही रडणार का?" सगळे हसले. मग राहिली डावी बाजू.

"डावीकडे कोण आहे?" मास्तरांनी विचारलं.

"कोणी नाही," कोणीतरी म्हणालं. "विंगच आहे."

ताई तिथेच होत्या, संहितेत पेन्सिलने खुणा करत. त्यांनी वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. आणि मास्तर तर एकदम खूश झाले. "अरे, हे तर फारच उत्तम! शेवटच्या प्रवेशात राजेंनी झुरका घ्यायचा, मुलीकडे बघवत नाही म्हणून तोंड डावीकडे फिरवायचं, धूर सोडायचा, आणि तेवढ्यात ताई वाक्य देतील! प्रेक्षकांना कळणारही नाही!" उजव्या कोपऱ्यात एक उभा पंखा आणून ठेवला, म्हणजे उरलासुरला धूरही डावीकडेच जाईल. एका दगडात तीन पक्षी. सगळे खूश. मी तर सगळ्यांत जास्त खूश, कारण मी वाचलो होतो ना! मला कपाटात टाकलं नव्हतं!

आता विचार करा, मित्रांनो. वाक्य पुरवायचं म्हणजे आधी श्वास घ्यावा लागतो. आणि ताईंनी श्वास घ्यायचा आणि राजेंनी धूर सोडायचा, हे नेमकं एकाच वेळी व्हायचं. दर प्रयोगाला. आणि राजेंना काही दिसायचं नाही, कारण झगझगीत उजेडातून अंधाऱ्या विंगेत पाहिलं की नुसता काळा खड्डा दिसतो. त्या खड्ड्यातून बहिणीचा आवाज यायचा, वाक्य मिळायचं, संपलं.

मला मात्र कळत होतं. प्रयोग संपला की सामानवाले काका आम्हाला सगळ्यांना, म्हणजे मी, सिगारेटची डबी, रक्षापात्र, चष्मा, काठी, एका पेटीत भरायचे आणि पेटी ठेवायचे ताईंच्या स्टुलापाशी. तिथून मी ऐकायचो. आधी नुसतं घसा खाकरणं. मग खोकला. तोही कसा, प्रॉम्प्टरने खोकायचं नसतं ना, म्हणून दाबून दाबून ठेवलेला, पडदा पडला की एकदम बाहेर येणारा. मग नाकाला रुमाल. मग ओला रुमाल. मला कळत होतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अंधार व्हायचा, खटक व्हायचं, टाळ्या व्हायच्या, की मी विसरायचो. खरंच विसरायचो! टाळीची चव अशीच असते हो. मी लायटर आहे, मला बोलता येत नव्हतं, हे खरं. पण बोलता आलं असतं तरी बोललो असतो का, असं स्वतःला विचारतो तेव्हा उत्तर द्यायची लाज वाटते.

एके दिवशी काका माझ्यात पेट्रोल भरत होते. ताई स्टुलावर बसून धाप टाकत होत्या. नुसत्या मेकअपच्या खोलीपासून चालत आल्या होत्या.

"डॉक्टरांकडे जाऊन आलात का?" काकांनी विचारलं.

"आले ना. म्हणाले, तुम्ही ओढता का? म्हटलं, नाही. घरात कोण ओढतं? म्हटलं, कोणी नाही. तर माझ्याकडे असं बघायला लागले, जसं काही मी लपवतेय."

"मग सांगायचं ना नाटकाचं."

"सांगितलं. म्हणाले, धुरात बसू नका. म्हटलं, बसत नाही, कधी कधी उभी राहते." ताई हसायला गेल्या आणि खोकल्या. इतक्या खोकल्या की काकांच्या हातून पेट्रोल सांडलं. "नाही काका, आता मस्करी पुरे. छातीत शिट्टी वाजते हो रात्रभर. डॉक्टर म्हणाले, हे असंच चाललं तर पुढे जिने चढता येणार नाहीत. मी सोडतेय. या आठवड्यानंतर दुसरं कोणी बघा म्हणावं."

"राजेंना काय सांगणार?"

"डोळ्यांनी दिसत नाही म्हणेन. बारीक अक्षर वाचवत नाही."

"अहो ताई, खरं सांगा की त्यांना! एका शब्दात बंद करतील ते."

"म्हणून तर नाही सांगत. त्या खटक्यावर टाळी पडते त्याला. त्या टाळीने तो पुढचे दोन तास उभा राहतो. मी ती काढून घेऊ? मीच आणलाय ना तो लायटर." असं म्हणून त्यांनी मला काकांच्या हातून घेतलं आणि आपल्या पदराने पुसलं. माझ्यावर सांडलेलं पेट्रोल पुसलं हो त्यांनी! मला वाटलं, आत्ताच्या आत्ता गंज चढावा आपल्याला, झाकण उघडूच नये.

पण पितळेला गंजही चढत नाही.

त्या आठवड्यातला दुपारचा प्रयोग. नाट्यगृह भरलेलं. सुरुवातीला खटक, टाळ्या, सगळं नेहमीसारखं. फक्त मला त्या टाळ्या त्या दिवशी गोड लागल्या नाहीत. मी आपला राजेंच्या खिशात पडून ऐकत होतो, डावीकडून दाबलेला खोकला येतोय का. येत होता.

शेवटचा प्रवेश आला. उजवीकडच्या दारात मुलगी उभी राहिली. राजेंनी मला बाहेर काढलं, सिगारेट पेटवली, लांब झुरका घेतला, तोंड डावीकडे फिरवलं, धूर सोडला. कोपऱ्यातल्या पंख्याने तो ढकलत विंगेत नेला. आणि राजे वाक्याची वाट बघत थांबले.

वाक्य आलं नाही.

राजे थांबले. प्रेक्षकांना वाटलं, काय अभिनय आहे! मुलगी दारात उभी. राजेंच्या मुठीत मी होतो, मुठीला घाम सुटला. डावीकडून एक बारीक, चिरका आवाज आला, भांड्यातली वाफ सुटावी तसा. मग खोकला. या वेळी दाबलेला नाही, दाबता न आलेला. तिसऱ्या रांगेत कोणीतरी हसलं. राजेंनी अजून वाट पाहिली. मग त्यांनी काय केलं, तर सरळ उठले, जसं काही नाटकातच आहे असं, सावकाश चालत डाव्या विंगेच्या कडेशी गेले, त्या काळ्या खड्ड्यासमोर उभे राहिले. काहीच दिसेना. आणि त्यांनी मला वर धरलं.

खटक.

माझी ज्योत उभी राहिली. रोज ज्या उजेडात मी राजेंचा चेहरा दाखवायचो, त्याच उजेडात मी ताईंचा चेहरा पाहिला. अर्ध्या तोंडावर ओला रुमाल. डोळ्यांतून घळाघळा पाणी. संहिता खाली पडलेली. एका हाताने पडदा घट्ट धरलेला आणि भोवती धूर, निळा, वळणावळणाचा, तोच तो. आणि मित्रांनो, त्या अवस्थेतसुद्धा त्यांनी रुमाल खाली केला, आणि आवाज फुटत नव्हता तर नुसते ओठ हलवून वाक्य दिलं. माझ्या उजेडात राजेंनी ते ओठ वाचले.

"बाहेर का उभी?" राजे म्हणाले. आवाज असा फाटला की मी हादरलो. "आत ये."

दार उजवीकडे होतं, आणि ते बोलत होते डावीकडे बघून. ती नटी बिचारी हुशार, ती उजवीकडून धावत आत आली, आणि ठरल्याप्रमाणे रडली. राजे वळलेच नाहीत. पडदा पडला. टाळ्यांचा कडकडाट! आणि राजेंच्या हातून मी निसटलो, फळ्यांवर आपटलो. हा पोचा तेव्हाचा. मला तो बरा वाटला. खरंच सांगतो, बरा वाटला.

राजे विंगेत जमिनीवरच बसले होते. सिगारेट कुठेतरी चिरडली होती त्यांनी. काका पाणी घेऊन धावले. ताई घोट घोट पीत होत्या.

"कधीपासून?" राजेंनी विचारलं.

"अरे, काही नाही, आज जरा..."

"ताई. कधीपासून?"

ताईंनी पेल्यात बघितलं. "पंखा आला तेव्हापासून."

"आणि सांगितलं नाहीस मला? मी तुझ्या तोंडावर धूर सोडत होतो?"

"माझ्या तोंडावर कुठे? विंगेत सोडायचास तू."

"विंगेत कोण असतं?"

राजेंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "मी रोज गुळण्या करून घरी जायचो," ते बोटांमधून म्हणाले. "मला वास नको म्हणून! तोंड धुऊन, साबण लावून! आणि तू तशीच..."

"छोटू, पुरे. लोक बघतायत."

"बघू देत! बघायलाच हवं होतं कोणीतरी!"

तेवढ्यात मास्तर तरातरा आले. "राजे, दार तिकडे होतं! तिकडे! पोरगी उजवीकडे उभी आणि तुम्ही..." आणि त्यांना ताई दिसल्या. ओला रुमाल दिसला. मास्तरांचं बोट तसंच हवेत राहिलं, मग हळूच खाली आलं. "मी सगळ्यांना विचारलं होतं," ते पुटपुटले. "त्या दिवशी. सगळ्यांना विचारलं होतं." मग त्यांनी त्या स्टुलाकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ना, ते मला ओळखीचं होतं. माझ्याकडे आधीपासून तेच होतं.

पुढच्या प्रयोगापासून सिगारेट बंद. राजेंनी एका वाक्यात सांगून टाकलं, आणि ते वाक्य कोणाला पुरवावं लागलं नाही. मास्तर फक्त एवढंच म्हणाले, "पण ती सुरुवात? तो खटका?" राजे म्हणाले, "खटका राहू दे. पेटायचं काही नाही. या माणसाचा लायटर पेटत नाही, बस. त्याचं तसंही काय पेटतंय?" काकांनी मला उलटा केला, पोटातला कापूस बाहेर काढला, पिळला, खिडकीत वाळवला आणि कोरडाच परत आत घातला. मला वाटलं दुखेल. नाही दुखलं.

ताई म्हणाल्या, "मी सोडणार होते." राजे म्हणाले, "मग सोड. तुला दम घ्यायला सांगितलाय तर घरी घे. तू नाहीस तर मी ते वाक्य विसरेन, लोक हसतील, हसू देत." यावर ताई म्हणाल्या, "हसतील म्हणे. माझ्यासमोर? हिंमत आहे का कोणाची?" महिनाभर प्रयोग थांबले, ताई घरी राहिल्या, औषधं घेतली, आणि परत आल्या.

त्या दिवशी तिसरी घंटा झाली, अंधार झाला आणि मी वाजलो. खटक. ज्योत नाही. खटक, खटक. हळूहळू दिवा वाढत गेला आणि राजे दिसले, खुर्चीत, न पेटणारा लायटर हातात घेऊन बसलेले. टाळी आली नाही. एकही नाही. नुसती शांतता. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, माझ्यामुळे राजेंची टाळी गेली, आता ताई काय म्हणतील.

शेवटचा प्रवेश आला. राजेंनी सवयीने तोंड डावीकडे वळवलं. धूर नाही. पंखा नाही. आणि काळ्या खड्ड्यातून आवाज आला, इतका खणखणीत, इतका स्वच्छ, की ताईंना स्वतःलाच अंदाज राहिला नाही: "बाहेर का उभी? आत ये!"

पहिल्या रांगेतून एक छोटी मुलगी जोरात म्हणाली, "आई, पडद्यामागच्या मावशीने सांगितलं त्यांना!"

आख्खं नाट्यगृह हसलं. राजेही हसले, ज्या ठिकाणी कारखानदाराने हसायचं नसतं तिथे, आणि हसता हसताच उजवीकडे वळून पोरीला म्हणाले, "ऐकलंस ना? आत ये." आणि मग टाळ्या आल्या. ती मुलगी तीच होती का, दम्याची? मला माहीत नाही. अंधारात सगळी मुलं सारखीच दिसतात. पण मला वाटतं, तीच असावी. असावी.

ताईंचा खोकला अगदी गेला असं नाही हं. धूर सोडायला एक क्षण लागतो, तो छातीतून जायला फार वेळ लागतो. अजूनही जिना चढताना मध्ये थांबतात आणि "नक्षी बघतेय कठड्याची" म्हणतात. कठड्याला नक्षी नाही. म्हणून सांगतो, माझ्यासारख्या कुणाच्या ज्योतीवर टाळ्या वाजवाल तेव्हा जरा बाजूलाही बघा. धूर आपल्यासमोर नाही म्हणजे तो कुणाच्याच समोर नाही, असं होत नाही. आणि कोणी तुम्हाला विचारलं, धुराचा त्रास होतो का, तर ताईंसारखं खाली बघू नका. होतो म्हणा. मोठ्याने म्हणा. आणि कोणी विचारलंच नाही, तर त्या पहिल्या रांगेतल्या बाईंसारखं आत जाऊन सांगा. आणि एवढं एक करा, मला कधी कुठे टेबलावर बघितलंत तर कृपा करून माझ्यात पेट्रोल भरू नका.

मी रिकामाच बरा आहे. वाजलो की चकमकीची एवढीशी ठिणगी अजून उडते. लगेच विझते, काही पेटत नाही तिने. पण त्या एका क्षणात, राजेंच्या हातातून, मला डावी विंग दिसते. स्टूल दिसतं, दोरीला लटकणारा चष्मा दिसतो, आणि ताईंचा चेहरा दिसतो. पूर्ण. नाक, तोंड, हनुवटी, सगळं उघडं.